सिनॉलॉजी डीएस२२३: फोंड्यातल्या आमच्या प्रेसमध्ये अडीच वर्षं वापरून

फोंड्याला आमचा छोटा ऑफसेट प्रेस आहे, बाबांनी ट्रेडल मशीनवर सुरू केलेला, आता मी आणि बायको बघतो, दोन डीटीपी ऑपरेटर, एक मशीनमन, एक बाइंडर एवढाच कारभार. लग्नपत्रिका, बिलबुकं, जत्रेची पत्रकं, जत्रेत होणाऱ्या नाटकांची हँडबिलं ही रोजची कामं आणि वर्षातून सहासात देवस्थानांच्या, मंडळांच्या स्मरणिका. स्मरणिका हा आमचा खरा ठेवा. १९९८ पासूनच्या फायली आहेत, पेजमेकरमधल्या, कोरलमधल्या, श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या, गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी लिहून दिलेले लेख, कीर्तनकारांचे फोटो, देवळाच्या जुन्या सभामंडपाचे फोटो जे आता त्या देवळातसुद्धा नाहीत. त्यामुळे डीएस२२३ या नासचा, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या फायली नेटवर्कवरून एका जागी ठेवायच्या बॉक्सचा, हा रिव्ह्यू म्हणजे बॉक्स उघडला, चांगला दिसतो, पाच स्टार, असा नाही. थोडा लांबेल.

२०२२ च्या जूनपर्यंत आमचा सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातला एक असेंबल केलेला पीसी. त्यात दोन हार्ड डिस्क, मदरबोर्डवरूनच मिरर लावलेला, म्हणजे एकीवर लिहिलं जाईल तेच दुसरीवरही. जोडून देणारा म्हणाला होता की एक गेली तरी दुसरीवर सगळं असतं, काळजी नको. पावसाच्या तोंडावर आपल्याकडे विजा कशा कडाडतात ते माहीतच आहे, तशी एक रात्र झाली आणि सकाळी पीसी उठला नाही. रिपेअरवाल्याने दोन्ही डिस्क काढून आपल्या टेबलावर एकेक करून लावून बघितल्या. एक पूर्ण गेलेली. दुसरी लागली, आम्हाला हुश्श झालं, आणि मग त्याने फोल्डर तारखेप्रमाणे लावले तर सगळ्यात वरची फाइल मागच्या ऑक्टोबरमधली! म्हणजे ही डिस्क ऑक्टोबरमध्येच मिररमधून बाहेर पडली होती, आठ महिने आम्ही एकाच डिस्कवर चाललो होतो आणि आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं, कारण अलर्ट कुठे लावलेलाच नव्हता. आठ महिन्यांची कामं गेली, एक स्मरणिका प्रूफला होती ती गेली, टॅलीच्या एंट्र्या कागदी बिलं समोर ठेवून पुन्हा माराव्या लागल्या. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, त्यामुळे सोडून देऊन चालणार नव्हतं. बायको दीड महिना रात्री अकरापर्यंत बसत होती.

नंतर काही महिने पोर्टेबल डिस्कवर कसंबसं काढलं आणि एप्रिल २०२३ मध्ये हा डीएस२२३ घेतला, दोन ड्राइव्हचा नास. बॉक्स आणि ४ टीबीच्या दोन ड्राइव्ह मिळून पन्नास हजारांच्या आसपास गेले. रिअलटेकचा चार कोअरचा १.७ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, २ जीबी रॅम जी वाढवता येत नाही, गिगाबिट लॅनचं एकच पोर्ट, पुढे एक आणि मागे दोन यूएसबी. आकाराला दोन विटा शेजारी उभ्या ठेवल्या एवढा. आवाज आमच्या मशीनच्या खोलीत ऐकूच येत नाही.

ड्राइव्ह मात्र विचार करून घेतल्या आणि तेच जास्त महत्त्वाचं आहे असं मला अजून वाटतं. दोन वेगळ्या कंपन्यांच्या घेतल्या, दोन वेगळ्या दुकानांतून, कारण एकाच लॉटमधल्या दोन ड्राइव्ह एकाच दिवशी चालू केल्या तर त्यांचं वय सारखं, खोड असली तर तीही सारखी, मग एक गेल्यावर दुसरीचा काय भरवसा. आणि सीएमआर वाल्याच घेतल्या, ज्यात डेटाच्या रेघा, म्हणजे ट्रॅक, एकमेकांवर चढत नाहीत. एसएमआर नावाचा एक स्वस्त प्रकार असतो, त्यात ट्रॅक आपल्या घरावरच्या कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात, तेवढ्याच जागेत जास्त डेटा मावतो पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात तसं होतं, लिहिताना वेळ जातो आणि मिरर पुन्हा भरायची वेळ आली की तो फारच रखडतो. डब्यावर हे बऱ्याचदा लिहिलेलं नसतं, मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या डेटाशीटमध्ये बघावं लागतं. नाससाठीच्या म्हणून विकतात त्या सगळ्या सीएमआर असतीलच असंही नाही, बघून घ्या.

सेटअपला एक दुपार लागली. दोन ड्राइव्हचा मिरर, वर बीटीआरएफएस ही फाइल सिस्टीम. इथे एक टिक आहे ती सांगतो कारण ती नंतर मारता येत नाही. शेअर्ड फोल्डर तयार करतानाच डेटा चेकसम चालू करायचा. मग प्रत्येक ब्लॉकबरोबर त्याची बेरीज ठेवली जाते, वाचताना ती जुळली नाही तर बॉक्स दुसऱ्या ड्राइव्हवरची चांगली प्रत घेऊन खराब दुरुस्त करतो. नुसत्या मिररला दोन प्रतींत फरक पडला तर खरी कुठली हे कळत नाही. आम्ही पहिला फोल्डर घाईत टिक न करता बनवला, नंतर नवीन बनवून सगळ्या फायली हलवाव्या लागल्या. दर तीन महिन्यांनी स्क्रबिंग लावलंय, म्हणजे सगळा डेटा एकदा वाचून तपासतो, कारण १९९९ ची फाइल वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही, ती सडली तरी कळणार कसं.

आता मिररची खरी परीक्षा. १६ जुलै २०२४, आषाढीचा आदला दिवस, बाहेर मुसळधार, दुपारी तीनच्या सुमारास बॉक्स पीं पीं पीं करायला लागला, थांबेच ना. पुढचा स्टेटसचा दिवा नारिंगी, फोनवर मेसेज, ईमेलवर मेल, दुसऱ्या नंबरची ड्राइव्ह गेली. ऑपरेटर दोघेही आपापली कामं करत होते, त्यांच्या स्क्रीनवर काहीही फरक नाही. मी तिथे उभा राहून त्या नारिंगी दिव्याकडे बघत होतो आणि मला २०२२ आठवत होतं, तेव्हा आठ महिने कळलं नव्हतं, या वेळी काही मिनिटांत कळलं. अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायच्या पद्धतीला रेड म्हणतात, मिरर हा तिचाच एक प्रकार. रेडची कल्पना १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एका पेपरात मांडली, महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्तातल्या बऱ्याच डिस्क वापरायच्या, त्या मरणार हे धरूनच चालायचं आणि मेल्या तरी काम थांबू द्यायचं नाही. त्यात मेलेली कळणं हे आलंच, आणि आमच्या जुन्या पीसीत नेमकं तेच नव्हतं.

नवीन ड्राइव्ह दुसऱ्या दिवशी पणजीहून आणली, आधीएवढी किंवा मोठीच लागते, लहान चालत नाही. पण ती लावायच्या आधी एक काम केलं आणि ते प्रत्येकाने करावं, यूएसबीवर ताजा बॅकअप घेतला. कारण मिरर पुन्हा भरताना उरलेली ड्राइव्ह पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते, तिच्यावर सगळ्यात जास्त ताण त्याच वेळी येतो, तीही वयस्कच असते. मग बॉक्स बंद केला, समोरचं झाकण ओढून ट्रे बाहेर काढला, ड्राइव्ह बदलली, चालू करून रिपेअरवर क्लिक केलं रात्री साडेआठला. सकाळी दुकान उघडलं तर पुन्हा हिरवा दिवा, पूर्ण झाल्याचा मेल पहाटे साडेचारचा. गेलेली ड्राइव्ह वॉरंटीत बदलून मिळाली. एका मिनिटाचंही काम बुडालं नाही. मिररचं काम एवढंच आणि ते त्याने चोख केलं.

पण मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हे कितीही वेळा सांगितलं तरी लोकांना पटत नाही, आमच्या ओळखीच्या दोन दुकानदारांशी माझा यावरून वाद झालाय. तर आमच्याकडे काय झालं ते सांगतो. २०२५ चा जानेवारी संपत आलेला, माघातल्या जत्रांचा हंगाम, एक ६४ पानी, म्हणजे सोळा पानांच्या चार फॉर्मची, स्मरणिका शेवटच्या प्रूफला. नवीन आलेल्या ऑपरेटरने गेल्या वर्षीच्या फोल्डरमधून फक्त जाहिराती घ्यायच्या होत्या, त्याने सगळाच फोल्डर ओढून या वर्षीच्यावर टाकला, नावं तीच, कॉम्प्युटरने विचारलं रिप्लेस करू का, त्याने हो म्हटलं. अकरा चाळीसला माझ्याकडे आला, चेहरा पडलेला, "दादा, चारी फॉर्म गेल्या वर्षीचे दिसतात." दोन्ही ड्राइव्हवर त्याच क्षणी गेल्या वर्षीचे फॉर्म. मिरर आरसाच तो, पुढ्यात जे झालं तेच दाखवणार.

वाचवलं स्नॅपशॉटने. सकाळी आठ ते रात्री आठ दर तासाला स्नॅपशॉट लावलेला आहे, म्हणजे त्या क्षणी फोल्डर कसा होता त्याची नोंद, त्याने सगळ्या फायलींची नवीन कॉपी होत नाही, फक्त बदललेलं तेवढंच जागा खातं, म्हणून परवडतं. विंडोजमध्येच फोल्डरवर राइट क्लिक करून प्रीव्हियस व्हर्जन्समध्ये अकराचा फोल्डर दिसला, तो परत आणला, चाळीस मिनिटांच्या करेक्शन पुन्हा केल्या, त्या प्रूफच्या कागदावर होत्याच. मुलाला मी रागावलो नाही. बायकोने त्याला चहा दिला आणि बसून पुन्हा करेक्शन करायला लावल्या.

तरी स्नॅपशॉटसुद्धा त्याच बॉक्समध्ये राहतो. बॉक्स चोरीला गेला, आग लागली, पाणी शिरलं किंवा कुणी अ‍ॅडमिनचा पासवर्ड मिळवून सगळं पुसलं की मिरर, स्नॅपशॉट, सगळं एकत्र गेलं. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता अशा अनेकांचा डेटा कायमचा गेला. म्हणून तीन-दोन-एक, डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. आपल्या गोव्यातच बघा ना, भारतातला पहिला छापखाना जुन्या गोव्यात १५५६ मध्ये आला, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण रायतूरला १६१६ मध्ये छापलं, पुढेही दोनदा छापलं, आणि त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज मिळत नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या नकलांमुळे, १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला तो अशाच हस्तलिखितांवरून. मी छापखान्याचा माणूस, मला ही गोष्ट फार लागते. छापील प्रती गेल्या आणि दूर गेलेल्या नकला राहिल्या.

आमची पद्धत अशी की हायपर बॅकअप नावाचा प्रोग्राम बॉक्सबरोबर फुकट येतो, तो रोज रात्री नऊला यूएसबी ड्राइव्हवर बॅकअप घेतो, जुन्या आवृत्त्या ठेवून, म्हणजे परवाची फाइल आणि गेल्या महिन्यातली फाइल दोन्ही मिळतात. यूएसबी ड्राइव्ह दोन आहेत, एकीवर हिरवी चिकटपट्टी, एकीवर लाल. दर शुक्रवारी जोडलेली काढून मी घरी बोरीला नेतो आणि घरची दुसऱ्या दिवशी आणून लावतो. सतत जोडलेली ड्राइव्ह त्याच विजेच्या वाटेवर असते, हे लक्षात ठेवा. घरी ती स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर राहते, कारण आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, जून ते सप्टेंबर चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, कपाटातल्या कागदांना येते. पुड्या दर महिन्याला उन्हात किंवा तव्यावर गरम करून घेतो. बॅकअप एनक्रिप्ट केलेला आहे, वाटेत हरवला तरी गिऱ्हाइकांचं कुणाला वाचता येऊ नये, पण मग पासवर्ड हरवला की तो आपल्यालाही वाचता येत नाही, म्हणून तो कागदावर लिहून बँकेच्या कागदांच्या पिशवीत ठेवलाय आणि बायकोला माहीत आहे.

तिसरी प्रत क्लाउडवर, सगळी नाही, टॅली, चालू दोन वर्षांची कामं आणि सगळ्या स्मरणिका, मिळून ३०० जीबी. अपलोड २० एमबीपीएस धरलं तर गणिताने ३३ तास होतात, पण आम्ही फक्त रात्री चालवलं, मध्ये दोनदा लाइट गेली, एकदा केबल तुटली, पूर्ण आठवडा गेला. नंतर रोजचा फरक दहा मिनिटांत जातो. टॅलीचं मात्र लक्ष ठेवा, चालू असताना त्याचा फोल्डर उचलला तर अर्धवट लिहिलेला डेटा येऊ शकतो, त्यामुळे संध्याकाळी टॅलीतूनच बॅकअप घेऊन तो नासवर टाकतो आणि मग नऊचा बॅकअप तो उचलतो. डेटाबेसचं सगळीकडे असंच असतं, त्याच्या स्वतःच्या बॅकअपनेच घ्यावं.

आता ज्यासाठी मुख्यतः हे लिहायला बसलो ते. बॅकअप झाला असा रोज हिरवा मेल येतो आणि आपण समाधानी असतो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या एवढ्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत एका इंजिनीअरने चुकून मुख्य डेटाबेसचा फोल्डर पुसला, ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले, आणि बघायला गेले तर बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. सहा तास आधी योगायोगाने हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवर सावरले, त्या सहा तासांचा डेटा गेलाच. त्यांनी हे सगळं उघडपणे लिहून प्रसिद्ध केलं त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. ते वाचून आम्ही ठरवलं की महिन्याच्या पहिल्या शनिवारी बायको जुन्या जॉब रजिस्टरमधून डोळे मिटून एक नंबर काढणार आणि ती फाइल घरच्या ड्राइव्हवरून घरच्या लॅपटॉपवर काढून उघडून दाखवायची, नासला हात न लावता.

पहिल्याच वेळी २००४ ची एक स्मरणिका निघाली. फाइल आली, पूर्ण आली, कोरलमध्ये उघडली आणि पानभर नुसती रोमन अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं! श्रीलिपीचे जुने फाँट त्या लॅपटॉपवर नव्हते, नासवरही नव्हते, ते होते फक्त एका ऑपरेटरच्या जुन्या विंडोज एक्सपी पीसीवर. तो पीसी गेला असता तर आमच्या मिररवर, यूएसबीवर, क्लाउडवर एकूण वीस वर्षांचं मराठी सुखरूप पडून राहिलं असतं आणि कुणाला वाचता आलं नसतं. त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. मग तो फाँटचा फोल्डर, पेजमेकर आणि कोरलचे जुने इन्स्टॉलर, त्यांच्या लायसन्सचे नंबर, एक्सपीच्या पीसीची पूर्ण इमेज म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत, हे सगळं बॅकअपमध्ये घेतलं. शिवाय जुन्या स्मरणिकांच्या फाँट आत घातलेल्या पीडीएफ करून ठेवतोय, फावल्या वेळात, आत्तापर्यंत २०११ पर्यंत पोचलो. कुठल्याही प्रेसवाल्याने हे वाचलं असेल तर आज संध्याकाळी आपले फाँट कुठे आहेत ते शोधा, बाकी सगळं नंतर.

बॉक्समधल्या उणिवा. एकच लॅन पोर्ट, सेकंदाला ११० एमबीच्या आसपास, आम्हाला पुरतं, व्हिडिओ एडिटिंगवाल्यांना पुरणार नाही. २ जीबी रॅममध्ये फाइल ठेवणं आणि बॅकअप एवढंच कामकाज ठेवा, त्यावर आणखी सॉफ्टवेअर चढवायचं असेल तर वरचं मॉडेल घ्या. हायपर बॅकअपची प्रत त्यांच्याच प्रोग्रामने उघडते, पीसीवर फुकट मिळतो पण कंपनीवर अवलंबून राहणं आलंच, म्हणून मी तीन महिन्यांनी एका जुन्या ड्राइव्हवर सरळ फायलींची साधी कॉपीही मारतो. ज्याला लिनक्स येतं त्याला जुन्या पीसीवर एमडीएडीएम या प्रोग्रामने हाच मिरर फुकटात करता येईल, पण मेल अलर्ट लावून, एक ड्राइव्ह मुद्दाम काढून मेल येतो का ते बघूनच. इंटरनेटवरून नास उघडा ठेवू नका, मूळचं अ‍ॅडमिन खातं बंद करा, ओटीपी लावा.

यूपीएस हवाच, यूएसबी केबलने नासला जोडला की बॅटरी संपत आल्यावर तो स्वतः नीट बंद होतो. पण वीज नुसती प्लगमधून येत नाही, इंटरनेटच्या आणि लॅनच्या वायरमधूनही येते. गडगडायला लागलं की आम्ही राउटरची वायर हाताने काढतो.

पैसे कमी असतील आणि मिरर की बॅकअप असं निवडायचं असेल तर मी बिनदिक्कत सांगेन, आधी दोन यूएसबी ड्राइव्ह घ्या, आलटून पालटून घरी न्या, मिरर पुढच्या वर्षी. मिरर नसेल तर एखादा दिवस काम बंद राहील, बॅकअप नसेल तर काम परतच येत नाही.

डीएस२२३ ला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. पहिल्यापासूनची जी एक ड्राइव्ह अजून चालू आहे तिला येत्या एप्रिलमध्ये तीन वर्षं होतील, खराब सेक्टरचा आकडा अजून शून्य आहे, तरी ती चालू असतानाच बदलणार आहे, नवीन आणून कपाटात ठेवलीय.